चर्चगेटचे चर्च आणि दाराबाहेरचा माणूस

नोकरीची तेहेतीस वर्षे मी सकाळी चर्चगेटला उतरलो आणि संध्याकाळी तिथूनच गाडी पकडली. गाडीत बसायला जागा मिळेल का, पावसात गाड्या उशिरा आहेत का, पगार एक तारखेला होईल का, असे असंख्य प्रश्न त्या स्टेशनवर पडले. पण जो प्रश्न पडायला हवा होता तो कधी पडला नाही. तो पडला आमच्या दहा वर्षांच्या नातीला. मुलगा नोकरीमुळे इंदूरला स्थायिक झालेला. नात मे महिन्यात मुंबईला येते आणि आल्या आल्या माझी तोंडी परीक्षा घेते. स्टेशनबाहेर पडून तिने चारही बाजूंना पाहिले आणि विचारले, "आबा, इथे चर्च पण नाही आणि गेट पण नाही. मग नाव चर्चगेट कशाला?"

मी नेहमीचे आजोबांचे उत्तर दिले, "पूर्वी असेल." ती म्हणाली, "असेल म्हणजे? तुम्ही बघितलं नाही?" तेहेतीस वर्षे त्याच नावाचा पास खिशात बाळगणारा माणूस यावर काय बोलणार? मी तिचा हात धरला आणि वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे चालू लागलो.

वाचकहो, चर्चगेटचे गेट स्टेशनाजवळ नव्हतेच. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे, हुतात्मा चौक आहे, त्याच्या आसपास मुंबईच्या किल्ल्याचा पश्चिमेकडचा दरवाजा होता. किल्ल्याला तीन मुख्य दरवाजे : अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. ज्या दरवाजातून शिरले की सरळ रस्ता चर्चकडे जाई, तो चर्च गेट. 1860 नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, दरवाजे गेले. पुढे रेल्वे आली आणि दरवाजाचे नाव स्टेशनाला चिकटले. दरवाजा गेला, नाव राहिले. चर्च मात्र तेव्हाही होते आणि आजही आहे. हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे, बँका आणि कचेऱ्यांच्या गर्दीत, थोडे आत सरकून उभे असलेले सेंट थॉमस कॅथीड्रल.

पाच वार भिंत आणि चाळीस वर्षे

मुंबई इंग्रजांना पोर्तुगीजांकडून आंदणात मिळाली हे शाळेत सर्वांनी घोकलेले असते. 1668 मध्ये इंग्लंडच्या राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला नाममात्र भाड्याने देऊन टाकली. 1669 मध्ये जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर झाला. मुंबई हे शहर होऊ शकते असे ज्याला प्रथम दिसले तो हा माणूस. त्याने न्यायालय बसवले, टांकसाळ काढली, व्यापाऱ्यांना बोलावून वसवले आणि इंग्रजांसाठी एक प्रार्थनामंदिर बांधायला घेतले. आपली माणसे इथे आली की दारू आणि जुगार यांतच बुडतात, त्यांना आठवड्यातून एकदा तरी देवासमोर बसवावे, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

1676 च्या सुमारास पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी ऑन्जियर सुरतेला वारला आणि काम थांबले. किती काळ? जवळजवळ चाळीस वर्षे! अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या जहाजाच्या कप्तानाने लिहून ठेवले आहे, की भिंती पाच वार उंच चढल्या होत्या आणि तशाच पडून होत्या. वर्गणीचा पैसा मधल्या मध्ये जिरला, असा आरोपही त्याने केला आहे. सार्वजनिक कामाची वर्गणी जिरण्याचा प्रकार आपण समजतो तितका आधुनिक नाही. मधल्या काळात 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली, रोगराईने माणसे पटापट मेली. इंग्रज माणसाचे मुंबईतले आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच पडली होती. तोवर उपासना किल्ल्यातल्याच एका खोलीत होत असे.

1714 मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री कंपनीच्या चाकरीत मुंबईला आला. हा गप्प बसणारा नव्हता. त्याने प्रवचनात सगळ्यांना खडसावले, पत्रे लिहिली, वर्गणीची यादी फिरवली. त्याच सुमारास चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला. त्याने पाठबळ दिले. त्याच बूनने शहराभोवतीचा तटही बांधून काढला. म्हणजे चर्च आणि गेट ही दोन्ही एकाच गव्हर्नरच्या काळातली. 25 डिसेंबर 1718 रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च उघडले.

दाराबाहेरचा माणूस

कॉबने पुढे म्हातारपणी, 1766 मध्ये, या चर्चच्या बांधकामाची हकीकत छापली. त्यात उद्घाटनाच्या दिवसाचे वर्णन आहे. गव्हर्नरसाहेब लवाजम्यासह आले, उपासना झाली, सगळे यथासांग पार पडले. आणि त्यात एक छोटीशी नोंद आहे. ती वाचली आणि मला राहवेना.

त्या दिवशी रामा कामत नावाचा हिंदू व्यापारी आपल्या जातबांधवांना घेऊन आला होता. उपासनेतली शिस्त आणि गांभीर्य पाहून त्यांना इतके बरे वाटले, की उपासना संपेपर्यंत ही मंडळी बाहेर उभी राहून पाहत होती.

हा रामा कामत कोण? इंग्रजी कागदपत्रांत त्याला रामा कामाटी म्हटले आहे. तो सारस्वत, मुंबईतला मोठा व्यापारी, कंपनीचा भरवशाचा माणूस. कंपनीच्या लढायांना तो शिपाई पुरवत असे. वाळकेश्वरचे देऊळ 1715 मध्ये त्यानेच पुन्हा बांधले असे सांगतात. म्हणजे तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या देवाचे मंदिर उभारणारा हा गृहस्थ दुसऱ्याच्या देवाचे मंदिर पाहायला अगत्याने आला होता आणि दुसऱ्याची पूजा कशी चालते ते शेवटपर्यंत उभा राहून पाहत होता. शेजारच्या घरी सत्यनारायण असला की आपण दारापाशी हात जोडून उभे राहतो, तसा.

आत कोण कोठे बसले होते तेही कॉबच्या पुस्तकात आहे. बाकांची मांडणी हुद्द्याप्रमाणे होती. गव्हर्नर, कौन्सिलचे सभासद, व्यापारी, कारकून, सैनिक, असा उतरता क्रम. बायकांचीही प्रतवारी होती आणि त्यांतला एक वर्ग चक्क 'कनिष्ठ स्त्रिया' असा नोंदलेला आहे. देवासमोर सगळे सारखे, हे प्रवचनात. बाकांवर नव्हे. यात हसण्यासारखे काही नाही, कारण आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर कोण कुठपर्यंत येऊ शकत असे याचा हिशेब आपल्याही खात्यावर आहेच.

आता रामा कामतचे पुढे काय झाले ते ऐका. चर्च उघडण्याच्या काही आठवडेच आधी, नोव्हेंबर 1718 मध्ये, बूनने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावर स्वारी केली होती. ती सपशेल फसली. कान्होजींसमोर इंग्रजांची अशी फजिती पहिल्यांदाच होत होती असे नाही. पण हरलेल्याला कुणीतरी फितूर सापडावा लागतो. तो रामा कामत ठरला. त्याने कान्होजींना बातमी फोडणारे पत्र लिहिले, असा आरोप ठेवून 1720 मध्ये त्याच्यावर खटला झाला. आरोप ठेवणारे आणि न्याय देणारे एकच. त्याच्या माणसांचा छळ करून साक्षी घेतल्या गेल्या. जन्मठेप झाली, सारी मालमत्ता जप्त झाली आणि 1728 मध्ये तो कैदेतच मेला. ज्या पत्राच्या आधारे हे सगळे झाले ते बनावट होते, असे पुढे उघडकीला आले. पण तोवर फार उशीर झाला होता.

चर्च बांधायला मदत करणारा गव्हर्नर तोच, आणि चर्चच्या दाराबाहेर श्रद्धेने उभ्या राहिलेल्या माणसाला तुरुंगात घालणाराही तोच. सेंट थॉमसच्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढच्या अडीचशे वर्षांचा प्रश्न तिच्यात आहे : हे मंदिर आतल्यांचे, की बाहेर उभ्या असलेल्यांचेही?

खुर्ची आली, कॅथीड्रल झाले

'कॅथीड्रल' म्हणजे मोठे चर्च असा आपला समज असतो. तसे नाही. ग्रीक-लॅटिनमधला 'कॅथेड्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल. आपल्याकडे पीठ किंवा गादी म्हणतात तसे. आणि त्या गादीच्या अधिकाराखालचा मुलूख म्हणजे धर्मप्रांत.

कंपनीच्या राज्यात बरीच वर्षे अँग्लिकन पंथाचा, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य पंथाचा, बिशपच नव्हता. कंपनीला धर्मापेक्षा धंद्याची काळजी जास्त. बिशप पाठवला तर एतद्देशीय लोक बिथरतील अशी भीती. 1813 च्या सनदेने वाट मोकळी झाली आणि 1814 मध्ये कलकत्त्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप थॉमस मिडलटन. त्यांच्या अधिकाराचा मुलूख ऐकून थक्क व्हायला होते. अख्खा हिंदुस्थान तर होताच, पण पुढे 1824 पासून 1836 पर्यंत ऑस्ट्रेलियाही कलकत्त्याच्याच कक्षेत धरला जाई! 1816 मध्ये मिडलटन मुंबईला आले, त्यांनी या चर्चची विधिवत प्रतिष्ठापना केली आणि ख्रिस्ताचा शिष्य संत थॉमस याचे नाव त्याला दिले. भारतात ख्रिस्ती धर्म पहिल्यांदा आणला तो याच थॉमसने, अशी परंपरा केरळातले ख्रिस्ती शतकानुशतके सांगत आले आहेत.

1837 मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस कार. त्यांचे आसन सेंट थॉमसमध्ये आले आणि चर्चचे कॅथीड्रल झाले. पुढच्या वर्षी पश्चिमेच्या बाजूचा मनोरा आणि घड्याळ आले. 1860 नंतर वेदीकडचा भाग नव्याने वाढवला गेला. दर्शनी बाजूला जे नक्षीदार कारंजे दिसते, ते कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराच्या देणगीतले. आराखडा इंग्लंडचे वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. अग्नीची उपासना करणाऱ्याने ख्रिस्ताच्या दारी पाण्याचे कारंजे उभारावे, हे मुंबईतच व्हायचे.

एक गंमत सांगायची राहिली. एकोणिसाव्या शतकात मुंबईतली अंतरे या चर्चपासून मोजली जात. काळ्या दगडाचे सोळा मैलाचे दगड शहरभर बसवले होते. त्यांतले काही रस्त्यांच्या भरावात गाडले गेले होते. अलीकडच्या काळात ते शोधून काढून त्यांचे जतन करण्याचे काम झाले आहे. म्हणजे ज्या चर्चचा पत्ता मला माहीत नव्हता, तेच एके काळी सगळ्या मुंबईच्या पत्त्यांचे मूळ होते.

संगमरवरातली माणसे

आम्ही आत गेलो. बाहेर मे महिन्याचा उकाडा, आत उंच छताखालचा गारवा. भिंतींवर जिकडेतिकडे स्मृतिशिला. नातीने एकेक वाचायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आबा, हे सगळे इतक्या लहानपणी का मेले?" खरेच होते. सव्वीस, एकोणतीस, बावीस. कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंज 1808 मध्ये फ्रेंचांचे लढाऊ जहाज पकडताना मेला. वय अवघे 26. कुणी पटकीने, कुणी तापाने. साम्राज्याचा डौल बाहेरच्या इमारतींवर दिसतो, त्याची किंमत या भिंतींवर. आपल्या बाजूने मोजलेली किंमत मात्र कोणत्याच संगमरवरावर लिहिलेली नाही. रामा कामतच्या नावाची शिला मला तरी तिथे दिसली नाही.

एका शिल्पापाशी नात थबकली. जोनाथन डंकन याचे स्मारक. हा 1795 पासून 1811 पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी तो काशीला रेसिडेंट होता आणि तिथले संस्कृत महाविद्यालय 1791 मध्ये त्यानेच काढले. स्मारकावर कोरले आहे, की काशी आणि काठेवाड इथली बालहत्या त्याने बंद केली. "बालहत्या म्हणजे?" तिने विचारले. मी सांगितले, की काही घराण्यांत मुलगी जन्मली की तिला मारून टाकत. "फक्त मुलगी?" "हो." ती काही बोलली नाही. शिल्पात दोन मुले आहेत, त्यांच्याकडे पाहत राहिली.

खरे सांगायचे तर ती प्रथा डंकनच्या करारांनी संपली नाही. 1870 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि आपल्या काळात सोनोग्राफीचे यंत्र आल्यावर 1994 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध आणखी एक कायदा करावा लागला. संगमरवरावर 'बंद केली' असे कोरणे सोपे असते.

भिंतीबाहेरचा धर्मप्रांत

कॅथीड्रलमध्ये साहेबलोक रविवारी टोप्या काढून बसत होते, तेव्हा धर्मप्रांताची खरी कहाणी बाहेर, मराठी मुलखात, घडत होती. सुरुवातीला हा धर्मप्रांत सिंधपर्यंत पसरला होता. 1877 मध्ये सिंध लाहोरच्या धर्मप्रांतात गेला. नागपूर विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यापासून स्वतंत्र झाले. 1929 मध्ये मुंबईतून नाशिकचा वेगळा धर्मप्रांत निघाला.

नाशिककर वाचकांना शरणपूर रस्ता ठाऊक आहे. शरणपूर ही 1850 नंतरच्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले इथे आणून त्यांना शिक्षण दिले जाई. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये संशोधक लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या जंगलात वारला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्याला आणणाऱ्यांत तो होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यविधीच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. नाशिकला शिकलेला गुलामाचा पोर, राजेरजवाड्यांच्या दफनभूमीत!

आणि आपली माणसे? नीळकंठशास्त्री गोरे हे काशीचे चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करायला म्हणून त्यांनी त्या धर्माचा अभ्यास सुरू केला आणि 1848 मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. पुढे फादर नेहेम्या गोरे म्हणून अँग्लिकन पुरोहित झाले, पुण्या-मुंबईत राहिले आणि 1895 मध्ये मुंबईत वारले. पंडिता रमाबाईंच्या मनावर त्यांच्या लेखनाचा मोठा परिणाम झाला. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज येथे अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. पण त्या वाकणाऱ्यांतल्या नव्हत्या. इंग्लंडमधल्या तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावे अशी सूचना 1885 मध्ये निघाली. त्यावर मुंबईचे बिशप माइल्न यांनी आणि लाहोरच्या बिशपनी हरकत घेतली. हिंदुस्थानात त्याचा वाईट बोभाटा होईल, असे त्यांचे म्हणणे. मायदेशी भरसभेत पुरुषांसमोर निरूपण करणाऱ्या रमाबाईंना ते कसे पटावे? त्यांनी आपला विरोध स्पष्ट शब्दांत कळवला. इकडे आपल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले होते आणि तिकडे आत घेतलेल्यांना त्या जरा जास्तच मोकळ्या वाटत होत्या. दोन्ही दारांच्या मध्ये उभे राहून या बाईने आपले काम केले.

दाराचा हा प्रश्न एकट्या साहेबाचा नव्हता, हे आपल्याला पुण्याच्या चहाने शिकवले. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे याच धर्मप्रांताच्या पुण्यातल्या ठाण्यात, एका व्याख्यानाला चाळीस-पन्नास मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात धरला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी नुसते हसून सोडले नाही, हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापवली. झाले! पुण्यात ग्रामण्य माजले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्तांचे हिशेब झाले. रानड्यांसारख्या माणसाने 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारक त्यांच्यावर नाराज झाले ते वेगळेच. रामा कामत आत गेला नाही आणि परक्यांनी त्याला शिक्षा केली. रानडे-टिळक आत गेले आणि घरच्यांनी शिक्षा केली. दार दोन्ही बाजूंनी बंद होते.

नागपूरचा दिवस

हळूहळू काळ बदलला. 1912 मध्ये आताच्या तेलंगणातल्या दोर्नाकल येथे अझरय्या हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. 1930 मध्ये इथले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले. म्हणजे राजाचा पंथ ही ओळख स्वराज्याच्या सतरा वर्षे आधीच सुटली. मुंबईचे बिशप पामर हे 1908 पासून 1929 पर्यंत गादीवर होते आणि वेगवेगळ्या पंथांनी एकत्र यावे यासाठी झटणाऱ्यांत त्यांचे नाव पुढे होते.

ते एकत्र येणे उत्तर भारतापुरते पुरे व्हायला 1970 साल उजाडले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापली नावे सोडली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्माला आले. अँग्लिकन त्यांतले एक. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मराठी मिशनची परंपराही त्यात आली. याच परंपरेत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी अभंगांतून ख्रिस्त गायला आणि लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी घराघरांत जागा मिळवली. गव्हर्नरच्या बाकाची परंपरा आणि टाळ-पेटीवर भजन म्हणणाऱ्यांची परंपरा त्या दिवशी एका छपराखाली आली. सेंट थॉमस तेव्हापासून या नव्या चर्चच्या मुंबई धर्मप्रांताचे कॅथीड्रल आहे. 2004 मध्ये त्याच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये चर्चने वयाची तीनशे वर्षे पुरी केली.

सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. एका छपराखाली आले म्हणून एका घरातली भांडणे संपतात का? पण 'कनिष्ठ स्त्रिया' ही पाटी गेली, हे काय थोडे झाले?

निघताना मी नातीला रामा कामतची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली. मग ती दारापाशी गेली, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली आणि तिथून आत पाहू लागली. वेदीवरच्या खिडकीतून रंगीत उजेड येत होता. एक बाई मागच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. साडी, कपाळाला कुंकू, शेजारी ऑफिसचा डबा. जेवणाच्या सुट्टीत आल्या असाव्यात. त्यांना कुणी उठवत नव्हते, कुणी विचारत नव्हते.

"इथून सगळं दिसतं, आबा," नात म्हणाली. "पण ऐकू येत नाही. ऐकायला आत यावं लागतं." आणि ती पुन्हा आत येऊन त्या बाईंच्या मागे, अगदी शेवटच्या बाकावर, जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर ती मला विचारत होती, "आबा, गेट पाडलं ते बरंच झालं ना?" मी म्हटले, "हो बाळा, बरंच झालं." आणि चर्चगेटला जाऊन आम्ही बोरिवली फास्ट पकडली.